नव्या गाडीला पीपीएफ लावताय? आधी रंगाची तयारी नीट झाली का ते बघा

पूर्वी पुण्या-मुंबईच्या महागड्या गाड्यांवर दिसणारी पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, आता तालुक्याच्या गावातही लावून मिळते. पूर्ण गाडीला चांगल्या प्रतीची फिल्म लावायची तर गाडीच्या आकारानुसार साधारण पाऊण लाखापासून दीड-दोन लाखांपर्यंत खर्च जातो. एवढे पैसे मोजताना बहुतेक जण फिल्म कोणत्या कंपनीची आणि वॉरंटी किती वर्षांची, एवढंच विचारतात. फिल्म लावण्याआधी गाडीवर काय काम करणार, हे विचारणारे कमी. निम्मं काम मात्र तिथंच असतं. फिल्म पारदर्शक असते आणि एकदा चिकटली की काही वर्षं जागेवर राहते. तिच्याखाली अडकलेला कण, ओरखडा किंवा डागही तेवढीच वर्षं तिथंच राहतो. तो काढायचा तर तेवढ्या भागाची फिल्मच काढावी लागते.

चांगली फिल्म टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची असते आणि तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन असते. गाडीच्या रंगाचा सगळा थर मिळून १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. त्यातला सगळ्यात वरचा चकाकणारा थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचाच. माणसाचा केससुद्धा याहून जाड असतो. म्हणून रंगाची तयारी करताना जास्त घासाघास झाली तर नुकसान गाडीचंच होतं.

नवी गाडी कोरी नसते

शोरूममध्ये चकाचक दिसणारी गाडी बराच प्रवास करून आलेली असते. मानेसर किंवा श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून निघालेली गाडी ट्रेलरवर नाहीतर रेल्वेने येते, मग डीलरच्या यार्डात ऊन-पाऊस खात उभी राहते. रेल्वेचे रूळ आणि ब्रेक यांतून उडणारे लोखंडाचे बारीक कण रंगात रुततात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण पुढे गंजून बारीक तांबूस ठिपके उमटतात. पांढऱ्या गाडीवर ते लवकर दिसतात.

यार्डात बोअरच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळलेल्या गाडीवर क्षाराचे गोल डाग पडतात. त्यावर डिलिव्हरीच्या सकाळी एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात. त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे उठतात, जे सावलीत दिसत नाहीत आणि उन्हात चमकतात. त्यामुळे पीपीएफ करायची ठरली असेल तर बुकिंगच्या वेळीच शोरूमला लेखी सांगावे : गाडी धुऊ नका, पॉलिश करू नका, टेफ्लॉन किंवा सिरॅमिक कोटिंग लावू नका. कोटिंगच्या गुळगुळीत थरावर फिल्मचा गोंद नीट धरत नाही. कोटिंग करायचंच असेल तर ते फिल्म लावल्यावर, तिच्या वरून करतात. आधी कोटिंगचे पैसे भरायचे आणि मग ते काढून टाकायचे पुन्हा पैसे द्यायचे, असा दुहेरी भुर्दंड अनेकांना बसतो.

पूजेचा मुद्दाही यात येतो. बॉनेटवर हळदी-कुंकवाचा स्वस्तिक काढणं आपल्याकडे टळत नाही आणि टाळावं असंही नाही. फक्त नंतर ते कोरड्या फडक्याने पुसू नये. कुंकवाचे आणि तांदळाचे कण रंगावर फिरले की ओरखडे उठतात. भरपूर पाणी मारून ते वाहून जाऊ द्यावं. हार बांधायला चिकटपट्टी लावली असेल तर तिचा गोंद राहिला का तेही बघावं.

रंग पुन्हा मारलेला आहे का?

फिल्मच्या आधी हे तपासणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच राहून जातं. वाहतुकीत गाडीला घासपट्टी लागली तर एखादा भाग डीलरकडेच रंगवून गाडी विकायला उभी राहते, असं घडतं. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र बऱ्याच पीपीएफवाल्यांकडे असतं. बॉनेट, दारं, छत, डिकी असं सगळीकडे ते टेकवायला सांगावं. सगळीकडे आकडा ११० ते १३० आणि एकाच दारावर २५० आला, तर ते दार पुन्हा रंगवलेलं असण्याची शक्यता मोठी. बंपर प्लास्टिकचा असल्याने साधं यंत्र तिथे चालत नाही, तिथे रंगाची छटा आणि कडा नजरेनेच बघाव्या लागतात.

कारखान्यातला रंग मोठ्या भट्टीत तापवून पक्का केलेला असतो. गॅरेजमध्ये मारलेल्या रंगातून थिनरची वाफ पुढे काही आठवडे निघत राहते. त्यावर लगेच फिल्म चिकटवली तर वाफ अडकून बुडबुडे येतात, आणि पुढे फिल्म काढताना तिच्यासोबत रंगाचा पापुद्राही निघू शकतो. म्हणून अशा भागावर किमान महिनाभर थांबावे, तेही रंगाऱ्याला विचारून. डिलिव्हरी घेण्याआधीच हा आकडा कळला तर शोरूमशी बोलायला जागा राहते. सही झाल्यावर ती राहत नाही.

धुलाईचा क्रम

आधी नुसत्या पाण्याच्या दाबाने माती उतरवायची. मग गाडीच्या शाम्पूचा फेस, दोन बादल्या आणि मायक्रोफायबरचा हातमोजा. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मोजा गाडीवर फिरवला की आधी साध्या पाण्यात पिळायचा, मग शाम्पूत बुडवायचा. कपड्यांची पावडर टाळावी, न विरघळलेले दाणे रंगावर घासले जातात.

डांबराचे ठिपके दाराच्या खालच्या भागात आणि चाकांच्या मागे असतात. गावाकडे त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावायची सवय आहे. डाग निघतो, पण तेलकट थर मागे राहतो आणि फिल्मच्या गोंदाला तेलाचं वावडं आहे. त्यासाठी मिळणारं टार रिमूव्हर वापरलेलं बरं.

त्यानंतर लोखंडाचे कण काढणारं द्रावण फवारतात. ते लोखंडाला लागलं की जांभळं होऊन ओघळतं. वास उग्र असतो, म्हणून हातमोजे घालून मोकळ्या हवेत काम करायचं. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असावा, आणि द्रावण वाळायच्या आत धुऊन टाकावं. नव्या गाडीवरून जांभळे ओघळ उतरताना पाहून मालकाला धक्का बसतो, पण ते लोखंड बाहेर पडत असल्याचं लक्षण आहे.

तरीही जे चिकटून राहतं ते क्ले बारने, म्हणजे मळलेल्या कणकेसारख्या मऊ गोळ्याने निघतं. पत्र्यावर निसरडं द्रावण मारून गोळा हलक्या हाताने फिरवायचा आणि मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्यायची. गोळा जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्यायचा. त्यात खडा रुतला तर अख्ख्या बॉनेटवर रेघ उठेल. काम झालं की नाही हे ओळखायला पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून पत्र्यावरून फिरवावा. खरखर लागली तर अजून कण आहेत.

शेवटचं पाणी बोअरचं नको. गावोगावी मिळणारं आरओचं जारचं पाणी त्यासाठी चालतं. फिल्म सरकवायला जे शाम्पूचं पाणी मारतात तेही असंच असावं. जड पाण्याचे क्षार फिल्मखाली वाळले तर ठिपके राहतात.

पॉलिश किती करायची

अंधाऱ्या जागेत एलईडी टॉर्च तिरपी धरली की ओरखडे दिसतात. बारीक ओरखडे एका हलक्या पॉलिशने जातात. काही फिल्मखाली बारीक ओरखडे झाकले जातात हे खरं, पण काळ्या आणि गडद निळ्या गाडीवर त्यावर विसंबू नये. नव्या गाडीला जाड कंपाउंड मारून दिवसभर मशीन फिरवणाऱ्याला मात्र थांबवावं. मॅट रंगाच्या गाडीला तर पॉलिश करायचीच नाही, रंग जागोजागी चमकायला लागतो.

पॉलिशमधलं तेल पुसून काढायला पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. त्याऐवजी हाताचं सॅनिटायझर वापरू नये. बहुतेक सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर मागे राहतो.

कडांकडे दुर्लक्ष होतं. फिल्म बॉनेटच्या आणि दाराच्या कडेवरून आत वळवतात आणि उचलायला सुरुवात होते ती तिथूनच. दाराच्या खालच्या शिवणीतून गंजरोधक मेण पाझरतं, ते आधी पुसायला हवं. आरसे, हँडल आणि नावाच्या अक्षरांमागे साठलेलं पाणी ब्लोअरने काढलं नाही, तर फिल्म दाबताना तेच पाणी माती घेऊन आत शिरतं.

जागाही बघून घ्यावी. रस्त्याला लागून पत्र्याचं शेड, शटर उघडं आणि पंखा चालू, अशा ठिकाणी कितीही धुतलं तरी उपयोग नाही. ऊसतोडीच्या दिवसांत कारखान्याची राख आणि पेटवलेल्या पाचटाची काजळी हवेत असते, सोयाबीनच्या मळणीत भुसा उडतो. बंद खोली, ओली केलेली फरशी आणि वाऱ्याचा झोत नाही, एवढं तरी हवं. तयारीला अर्धा ते एक दिवस लागतो. "सकाळी आणा, संध्याकाळी पूर्ण गाडी घेऊन जा" म्हणणाऱ्याने यातलं काय वगळलं, हे विचारून घ्यावं.

बजेट कमी असेल तर पूर्ण गाडीचा हट्ट नको. ट्रॅक्टर-ट्रॉलीमागून उडणारी खडी लागते ती पुढचा बंपर, बॉनेट आणि आरशांना. तेवढ्याच भागाची नीट तयारी करून चांगली फिल्म लावणं घाईत गुंडाळलेल्या पूर्ण गाडीपेक्षा परवडतं.

पैसे देण्याआधी गाडी उजेडात बघावी. पाण्याचे लहान फुगे काही दिवसांत आपोआप विरतात, त्यांची काळजी नको. धुळीचा कण, केस किंवा धागा मात्र विरत नाही. तो दिसला तर तेवढा भाग त्याच दिवशी बदलून मागावा. फिल्मच्या रोलचा नंबर बिलावर लिहून घ्यावा, वॉरंटीला तोच लागतो. त्यानंतर आठवडाभर गाडी धुऊ नये, आणि वॉशिंग सेंटरवाल्याला पाण्याचा फवारा फिल्मच्या कडेवर जवळून मारू नको म्हणून आठवणीने सांगावं.