चरणजित सिंग यांची रागमुद्रिका : अग्रक्रमाचा प्रश्न

मुंबईच्या चित्रपटसंगीताचा इतिहास बहुधा संगीतदिग्दर्शक व पार्श्वगायक यांच्या नावांनी लिहिला जातो. वाद्यवृंदात बसून ते संगीत प्रत्यक्ष घडविणारे वादक त्यात अनामिकच राहतात. चरणजित सिंग (१९४०-२०१५) हे याच वर्गातील होत. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गीतातील ट्रान्झिकॉर्डचे वादन त्यांचे. चित्रगीतांच्या वाद्यधुनी मुद्रित करणाऱ्या या वादकाची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही स्वतंत्र ध्वनिमुद्रिका १९८२ साली निघाली. तिला ग्राहक फारसा लाभला नाही.

२०१० साली एका डच संग्राहकाच्या प्रयत्नाने ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा श्रोते चकित झाले. शिकागो येथील ‘फ्यूचर’ या वादकसमूहाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही मुद्रिका १९८७ ची; ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताचा आरंभ तिच्यापासून मानला जातो. तिच्याशी विलक्षण साम्य असलेला नाद मुंबईत पाच वर्षे आधी उमटला होता. साहजिकच सिंग यांना त्या प्रकाराचे जनक म्हणण्याची प्रथा पडली.

हा निष्कर्ष तपासून घेणे अवश्य आहे. कालदृष्ट्या पूर्व असणे आणि कारण असणे या दोन भिन्न गोष्टी होत. मुंबईची मुद्रिका शिकागोच्या वादकांनी ऐकल्याचा पुरावा नाही. उभयतांना जोडणारा दुवा म्हणजे रोलँड या जपानी कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र. एकट्याने गिटार वाजविणाऱ्यास खर्जाची साथ मिळावी, हा त्याचा मूळ हेतू. तो सफल न झाल्याने १९८४ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले आणि जुनी यंत्रे अल्प किमतीत शिकागोच्या तरुणांच्या हाती आली. सिंग यांनी मात्र ते नवे असतानाच घेतले व टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर यांच्याशी त्याचा मेळ घातला.

यंत्र एक असले तरी प्रयोजन एक नव्हते. शिकागोत नादाचा पोत बदलत नेणे हेच रचनेचे सूत्र ठरले. सिंग यांच्यापुढे प्रश्न रागाचा होता. भूपाळी, कलावती, मालकंस व बैरागी हे त्यांनी निवडलेले राग औडव, म्हणजे पाच स्वरांचे आहेत. असा मोजका स्वरसमूह पुनरावर्ती खर्जावर सहज तोलला जातो. यंत्रातील एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय मींडेची पुसट आठवण देते. तथापि श्रुतींचे सूक्ष्म भेद व विलंबित आलाप यांना तेथे अवकाश उरला नाही, हेही मान्य केले पाहिजे. डिस्कोचा ठेका तर काळाचीच मागणी होती : ‘कुर्बानी’ (१९८०) आणि ‘डिस्को दीवाने’ (१९८१) यांनी तो घरोघर पोहोचविला होता.

तात्पर्य, परदेशी प्रकाराचे जनकत्व बहाल केल्याने सिंग यांचा गौरव होतो, परंतु इतिहास अपुरा राहतो. त्यांची मुद्रिका ही मुंबईच्या वादकवर्गाच्या कौशल्याची, नव्या वाद्यांविषयीच्या त्याच्या जिज्ञासेची आणि रागसंगीताशी असलेल्या त्याच्या नात्याची साक्ष होय. त्या वर्गाचा इतिहास लिहिला जाईल, तेव्हाच तिचे यथार्थ मूल्यमापन शक्य होईल.