लांब पल्ल्याची पोरे

आमच्या शाळेला मैदान असे नाही. गावाबाहेर माळ आहे. पावसाळा सरला म्हणजे त्याच्यावरचे गवत काढावयाचे, फक्कीने फेऱ्या आखावयाच्या आणि तालुक्याच्या सामन्यांसाठी पोरे निवडावयाची, हे काम गेली वीस वर्षे माझ्याकडे आहे. मी शिकवतो मराठी आणि इतिहास. परंतु शिट्टी आणि घड्याळ माझ्या गळ्यात कोणी अडकवले, ते आता मलाही आठवत नाही.

पंधरा वर्षांपूर्वी नववीतला एक मुलगा या माळावर असा पळाला की मी घड्याळ दोनदा पाहिले. त्या संध्याकाळी मी त्याच्या बापाला, मुख्याध्यापकांना आणि पारावर बसलेल्या चार माणसांना सांगितले, ‘हा पोरगा देशाचं नाव काढील.’ मुलगा तालुक्याला पहिला आला, जिल्ह्याला पहिला आला आणि विभागाला चौथा. पुढच्या वर्षी तो माळावर फिरकलाच नाही. मी घरी गेलो तेव्हा म्हणाला, ‘सर, आता नको. हरून आलो ना, तेव्हा घरात सुतक असल्यासारखं झालं होतं.’

सुतक त्या घरात मी नेऊन ठेवले होते, हे कळावयास मला काही वर्षे लागली. त्यानंतर लांब पल्ल्याच्या शाळकरी धावपटूंचा इतिहास मी हाती लागेल तेथून वाचू लागलो. हा इतिहास मुख्यतः अमेरिकेचा आहे, कारण आपल्याकडे पैलवान जसा तालमीत घडतो तसा तेथे धावणारा हायस्कुलात घडतो. शाळेचा संघ, शाळेचा प्रशिक्षक, पानगळीच्या दिवसांत रानावनांतल्या शर्यती, हिवाळ्यात छपराखालच्या आणि वसंतात मैदानावरच्या, असे त्यांचे वर्ष आखलेले असते. वसंत तोंडावर आला की यंदा कोणाकडे लक्ष ठेवावे, याच्या याद्या निघतात. १९४८ साली कॅलिफोर्नियात नेल्सन बंधूंनी केवळ मैदानी खेळांसाठी एक मासिक काढले. ते शाळकरी पोरांच्याही वेळा चोख नोंदवू लागले. त्यामुळे सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी कोणते पोर किती सेकंदांत पळाले, हे आज शोधता येते. त्या पोराचे पुढे काय झाले, हे मात्र निरनिराळ्या ठिकाणांहून जुळवावे लागते.

त्या मासिकाच्याही आधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. कॅलिफोर्नियातील टॉरन्स या गावी लुई झँपेरिनी नावाचा एक इटालियन घरातला पोर होता. चोऱ्या, मारामाऱ्या आणि पळून जाणे हा त्याचा उद्योग. पळण्यात तो पटाईत आहे हे पोलिसांखालोखाल त्याचा थोरला भाऊ पीट यालाच ठाऊक होते. भावाने त्याला शाळेच्या संघात घातले. १९३४ साली लुईने एक मैल ४ मिनिटे २१.२ सेकंदांत काटला आणि शाळकरी मुलांचा तो विक्रम सुमारे दोन दशके टिकला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो ५,००० मीटरच्या शर्यतीत आठवा आला. पुढे महायुद्धात, १९४३ साली, त्याचे विमान पॅसिफिक महासागरात कोसळले. तराफ्यावर ४७ दिवस काढून तो जपान्यांच्या हाती सापडला. युद्धानंतर तो घरी परतला आणि २०१४ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी वारला. त्याचे मोठेपण कोणत्या यादीत बसवावे?

एक मैल म्हणजे आठ फर्लांग. ४४० यार्डांच्या मैदानावर चार फेऱ्या. प्रत्येक फेरी एका मिनिटाच्या आत घालावयाची, हे माणसाच्या शरीराला झेपणारे नाही, असे कित्येकांना वाटत असे. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला रॉजर बॅनिस्टर या पंचवीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने ते करून दाखविले. वेळ ३ मिनिटे ५९.४ सेकंद. मग प्रश्न उरला तो असा, की शाळेत जाणाऱ्या मुलाला हे जमेल काय?

कॅन्सास राज्यातील विचिटा शहरात जिम रायन हा मुलगा ईस्ट हायस्कुलात शिकत होता. लहानपणच्या गोवराने कानांना थोडे कमी ऐकू येई. अंगाने किडकिडीत. बास्केटबॉलच्या, बेसबॉलच्या, इतकेच काय पण चर्चच्या संघातूनही त्याला वगळले होते. कोठेतरी आपले नाव लागावे म्हणून तो धावणाऱ्यांत शिरला. १९६२ मधील त्याचा पहिला मैल ५ मिनिटे ३८ सेकंदांचा होता. एवढ्या वेळेत आमच्या माळावरची पोरेही मैल संपवितात.

परंतु त्याचा प्रशिक्षक बॉब टिमन्स याने त्यात काही पाहिले. पहिल्याच हंगामात एका स्पर्धेहून परतताना बसमध्ये त्याने रायनला सांगितले, की चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला शाळकरी मुलगा तू होशील. पोराला वाटले, सरांचे डोके ठिकाणावर नाही. टिमन्सने मग त्याच्याकडून जे करवून घेतले ते ऐकून आपल्याकडचे पालक शाळेवर मोर्चा आणतील: आठवड्याला शंभर-शंभर मैल आणि एका मागून एक वेगाच्या फेऱ्या.

५ जून १९६४ रोजी कॅलिफोर्नियात कॉम्प्टन येथे रायन शर्यतीत आठवा आला. आठवा! परंतु त्या शर्यतीत आठही जण चार मिनिटांच्या आत आले होते आणि सतरा वर्षांच्या या आठव्याची वेळ ३ मिनिटे ५९.० सेकंद होती. पुढच्या वर्षी, २७ जून १९६५ रोजी, सॅन दिएगोच्या राष्ट्रीय स्पर्धेत नुकत्याच शाळा संपविलेल्या या मुलाने ऑलिंपिकविजेत्या पीटर स्नेलला हरविले. वेळ ३ मिनिटे ५५.३ सेकंद. शाळकरी मुलाचा हा विक्रम ३६ वर्षे टिकावयाचा होता.

त्याच स्पर्धेत आणखी एक पोर धावत होते. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेनचा जेरी लिंडग्रेन. चणीने लहान, आवाज बारीक, तोंडावर कोवळेपण. टिमन्सप्रमाणे त्यालाही ट्रेसी वॉल्टर्स हा शाळेतलाच गुरू लाभला होता. १९६४ च्या जुलैत लॉस एंजल्स येथे अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांचे मैदानी सामने होते. १९५८ पासून चाललेल्या या सामन्यांत १०,००० मीटरची शर्यत अमेरिकेने एकदाही जिंकलेली नव्हती. अठरा वर्षांचा लिंडग्रेन दोघा कसलेल्या रशियन गड्यांना मागे टाकून पुढे निघाला आणि उरलेल्या फेऱ्या त्याने एकट्यानेच काढल्या. प्रेक्षक उभे राहिले ते शेवटपर्यंत बसले नाहीत. त्याच वर्षी ५,००० मीटर तो १३ मिनिटे ४४ सेकंदांत धावला, आणि शाळकरी मुलांत तो विक्रम २००४ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, कोणाला मोडता आला नाही. सॅन दिएगोला तर सहा मैलांच्या शर्यतीत त्याने आणि बिली मिल्सने बरोबरीने जागतिक विक्रम केला.

येथवर लिहून थांबलो असतो तर ही एक चांगली शाळेत वाचून दाखविण्याजोगी गोष्ट झाली असती. परंतु इतिहास शिकविणाऱ्याला पुढचे पान उलटावेच लागते.

लिंडग्रेनचा घोटा टोकियो ऑलिंपिकच्या थोडे दिवस आधी सरावात मुरगळला आणि तो नववा आला. पुढे महाविद्यालयात त्याने पुष्कळ जिंकले, परंतु ऑलिंपिकचे मैदान त्याला पुन्हा दिसले नाही. १९८० साली तो घरदार सोडून निघून गेला आणि पुढे हवाई बेटांवर दुसरे नाव घेऊन राहिला.

रायन १९६६ आणि १९६७ साली मैलाचा जागतिक विक्रमवीर झाला. १९६८ चे ऑलिंपिक मेक्सिको शहरात होते, समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून अधिक उंचीवर. त्याच वर्षी रायन आजारातून उठला होता. केनियाच्या उंचावर वाढलेल्या किप केइनोने पहिल्यापासून जोर लावला आणि रायनला रौप्यपदक मिळाले. दुसऱ्या कोणाच्या घरी या पदकाची मिरवणूक निघाली असती. रायनच्या बाबतीत कित्येकांनी ते अपयश मानले. १९६९ साली मायामीच्या राष्ट्रीय स्पर्धेत, ऐन शर्यतीत, तो मैदानाबाहेर चालता झाला. वय बावीस. हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मायामी नव्हते. आमच्या गावातला एक उंबरा होता. रायन दोन वर्षांनी परत धावू लागला खरा, परंतु १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीतच धक्का लागून पडला. पुढे तो अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात सभासद म्हणून दहा वर्षे बसला.

मुलींची कथा याहून उशिरा सुरू होते. शिक्षणात मुलामुलींत भेद करू नये असा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला. त्याआधी बहुतेक शाळांत मुलींचा धावण्याचा संघच नसे. मेरी डेकर ही कॅलिफोर्नियाची मुलगी. बाराव्या वर्षी तिने एकाच आठवड्यात मॅरेथॉन आणि त्याखेरीज चार शर्यती धावल्या. चौदाव्या वर्षी, १९७३ साली, मिन्स्क येथे ८०० मीटरमध्ये तिने ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळविणाऱ्या रशियन संघातील बाईला मागे टाकले. दोन वेण्या आणि दातांना तारा. साऱ्या देशाने तिला डोक्यावर घेतले, आणि थोड्याच दिवसांत तिच्या नडग्यांनी संप पुकारला. शस्त्रक्रिया झाल्या, वर्षे वाया गेली. तरी १९८३ साली ती दोन शर्यतींत जगज्जेती झाली, हा तिचा चिवटपणा. ऑलिंपिकचे पदक मात्र तिला कधीच मिळाले नाही. वाढीच्या वयात हाडे वाढावयाची असतात. पोराचे नाव किती वाढले आहे याची त्यांना दाद नसते.

ओरेगन राज्यातील कूज बे हे लाकूडतोड्यांचे बंदर. तेथल्या स्टीव्ह प्रीफाँटेनने १९६९ साली शाळेत असताना दोन मैल ८ मिनिटे ४१.५ सेकंदांत धावून विक्रम केला. म्युनिकला एकविसाव्या वर्षी तो ५,००० मीटरमध्ये चौथा आला. मे १९७५ मध्ये यूजीन गावी मोटार उलटून तो गेला, तेव्हा वय होते चोवीस. त्याच्या नावाने यूजीनला दरवर्षी शर्यती होतात, आणि त्या शर्यतींतच, मे २००१ मध्ये, व्हर्जिनियाच्या ॲलन वेब या शाळकरी मुलाने ३ मिनिटे ५३.४३ सेकंदांत मैल धावून रायनचा ३६ वर्षांचा विक्रम मोडला.

मग रायनच्या वाट्याला आले तेच वेबच्या. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तो पहिल्याच फेरीत बाद झाला. २००७ साली त्याने ३ मिनिटे ४६.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. तो २०२३ पर्यंत, सोळा वर्षे, अबाधित राहिला. तरीही वेबचे नाव निघाले की ‘त्याचे पुढे काय बिनसले?’ असे विचारणारे भेटतात. अमेरिकेच्या साऱ्या इतिहासात सोळा वर्षे ज्याच्याहून वेगाने कोणी मैल धावला नाही, त्याचे काय बिनसले!

हे सारे वाचून शाळकरी पोरांवर लक्षच ठेवू नये, असे मला म्हणावयाचे नाही. टिमन्सने लक्ष ठेवले नसते तर रायन कोठल्या तरी संघातून वगळलेला मुलगाच राहिला असता. मिशिगनचा ग्रँट फिशर २०१५ साली शाळेत असताना चार मिनिटांच्या आत मैल धावला. ते साधणारा तो अमेरिकेतला सातवा शाळकरी मुलगा. त्याला पदके मिळाली ती २०२४ साली पॅरिसला, ५,००० आणि १०,००० मीटरमध्ये, दोन्ही कांस्य. मधे नऊ वर्षे गेली. आणि लक्ष उशिरा गेले तरी सारे संपत नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी जाई; तो खरा धावपटू झाला सैन्यात गेल्यावर. त्याच अविनाशने २०२२ साली कॅलिफोर्नियात जाऊन ५,००० मीटरचा तीस वर्षांचा जुना भारतीय विक्रम मोडला. वेळ १३ मिनिटे २५.६५ सेकंद.

रायन, लिंडग्रेन, वेब यांच्या वेळा खोट्या नव्हत्या. त्या त्या दिवशी ते पोर तेवढे धावले, एवढेच घड्याळ सांगते. ‘पुढे हा अमुक होईल’ हे त्यात आपण आपल्या पदरचे घालतो आणि मग ते कर्ज समजून पोराकडून वसूल करू लागतो. टिमन्स आणि मी एकच वाक्य बोललो होतो. परंतु टिमन्सने ते आधी पोराला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्याच्याबरोबर राबला. मी ते गावाला सांगितले आणि घरी जाऊन जेवलो.

यंदा आमच्या माळावर आठवीतली एक मुलगी पळते आहे. चांगली पळते. परवा मी पुन्हा घड्याळ दोनदा पाहिले. वेळ माझ्या वहीत लिहून ठेवली आहे. फळ्यावर लिहिलेली नाही. तिला एवढेच म्हणालो, ‘उद्या सहाला ये. मी येतो.’