पडद्याआडचा गुरू : रमाकांत आचरेकर

कापड विकले जाते ते गिरणीच्या नावाने. साच्यावरच्या कामगाराचे नाव ठाणावर कधी छापले जात नाही. खेळाच्या इतिहासातही हीच रीत आहे. धावा करणाऱ्याची नोंद होते, त्याला घडविणाऱ्याची होत नाही. म्हणून रमाकांत आचरेकर यांची कारकीर्द आम्ही आज आपणापुढे मांडीत आहोत.

आचरेकरांचा जन्म १९३२ सालचा, मालवणचा. गुल मोहर मिल्स, मुंबई पोर्ट अशा संघांतून ते खेळले. त्या काळी गिरण्या, गोदी, बँका आपापले संघ बाळगीत, आणि खेळणाऱ्याच्या चुलीची सोय होई. आचरेकर स्टेट बँकेत नोकरीस होते. बँकेच्याच संघातून १९६३-६४ च्या मोइनुद्दौला स्पर्धेत ते हैदराबादेविरुद्ध प्रथम दर्जाचा एकमेव सामना खेळले. खेळाडू म्हणून हिशेब एवढाच.

शिक्षक म्हणून मात्र तो कित्येक पाने भरेल. शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखालून बलविंदर संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण अमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर गेले. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवावयाचे. बाद करील त्याचे ते नाणे, आणि फलंदाज शेवटपर्यंत टिकला तर त्याचे. नेटमधल्या सरावापेक्षा सामन्यावर त्यांचा भर. सचिनला स्कूटरवर बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्यावर नेत. १९८८ साली हॅरिस ढालीच्या सामन्यात सचिन-कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली. तरीही, २०१३ साली निरोप घेताना सचिनने सांगितले, की एकोणतीस वर्षांत सरांनी ‘छान खेळलास’ असे एकदाही म्हटले नाही. पोर शेफारू नये, हाच त्यामागील हेतू!

हे सारे कशाच्या बळावर साधले? त्यांची तपश्चर्या तर होतीच. पण तिच्या पाठीशी महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी होती आणि कोणासही मज्जाव नसलेले मैदान होते. यांतले एक जरी काढले, तरी गुरू असून शाळा नाही.

१९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री. २०१९ साली ते निवर्तले आणि २०२४ साली शिवाजी पार्कवर त्यांचे स्मारक झाले. योग्यच झाले. परंतु श्रोतेहो, ठाण्याचे सेंट्रल मैदान, कल्याणचे सुभाष मैदान गरिबाच्या पोराला मोकळे राखणे, हेही त्यांचे स्मारकच होय. आणि ते आपल्या हाती आहे.