लहान आतड्याचे व बहुअवयवी उदरप्रत्यारोपण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
१९५४ मध्ये बोस्टन येथे मूत्रपिंडाचे आणि १९६७ मध्ये डेन्व्हर येथे यकृताचे प्रत्यारोपण यशस्वी झाले. लहान आतड्याच्या बाबतीत मात्र दीर्घकाळ टिकणारे यश १९८८ पर्यंत लाभले नाही. हा विलंब शल्यकौशल्याच्या उणिवेमुळे झाला की अन्य कारणांमुळे, याचा विचार येथे केला आहे.

प्रारंभीचे प्रयोग :
अलेक्सिस कॅरेल यांनी १९०२ मध्ये रक्तवाहिन्या जोडण्याची पद्धती मांडली. १९५९ मध्ये मिनेसोटा येथे रिचर्ड लिलेहाय यांनी कुत्र्याचे आतडे काढून, थंड ठेवून पुन्हा जोडून दाखविले. १९६० मध्ये थॉमस स्टार्झल यांनी कुत्र्यांमध्ये उदरातील अनेक अवयवांचे एकत्रित प्रत्यारोपण केले. म्हणजे टाके घालण्याचा प्रश्न बराच आधी सुटला होता. तरीही १९६४ पासून मानवावर झालेल्या प्रयत्नांतील रुग्ण फार काळ जगले नाहीत. आतड्यात लसिकापेशी विपुल असतात आणि त्याची पोकळी जंतूंनी भरलेली असते. त्यामुळे शरीर ते तीव्रतेने नाकारते. नाकारलेल्या आतड्याचे अस्तर झडले की तेच जंतू रक्तात शिरतात.

शिरेवाटे पोषण व त्याची मर्यादा :
१९६८ मध्ये स्टॅन्ली डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ शिरेवाटे संपूर्ण पोषण देता येते हे सिद्ध केले. आतडे गमावलेला रुग्ण जगू लागला आणि प्रत्यारोपणाची निकड ओसरली. परंतु वर्षानुवर्षे असे पोषण घेणाऱ्या काही रुग्णांचे, विशेषतः बालकांचे, यकृत निकामी होऊ लागले. ज्या उपायाने आतड्याची उणीव भरून काढली, त्यातूनच यकृत व आतडे एकत्र बदलण्याची गरज निर्माण झाली.

बहुअवयवी प्रत्यारोपण :
स्टार्झल यांनी या अवयवांकडे द्राक्षांच्या घडाप्रमाणे पाहिले. महारोहिणीच्या दोन शाखा हा त्याचा देठ. देठ अखंड राखून गरजेप्रमाणे यकृत, जठर, स्वादुपिंड व आतडे घ्यावे किंवा वगळावे, अशी ही रचना होती. १९८७ मध्ये पिट्सबर्ग येथे तीन वर्षांच्या मुलीवर अशी शस्त्रक्रिया झाली. ती सहा महिन्यांहून अधिक काळ जगली. तिचा मृत्यू प्रतिकारशक्ती दडपल्यामुळे बळावलेल्या लसिकापेशींच्या विकाराने झाला. १९८८ मध्ये जर्मनीतील कील येथे डेल्ट्झ यांनी जिवंत दात्याचे आतडे, तर कॅनडातील लंडन येथे ग्रँट यांनी यकृत व आतडे एकत्रितपणे यशस्वीरीत्या बसविले.

टॅक्रोलिमसचे पर्व :
जपानमधील त्सुकुबा येथील मातीतील सूक्ष्मजंतूपासून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस हे औषध मिळाले. १९८९ पासून पिट्सबर्ग येथे ते प्रत्यारोपणाच्या रुग्णांना देण्यात आले. त्यानंतरच ही शस्त्रक्रिया प्रयोगावस्थेतून बाहेर पडू शकली. शल्यतंत्रानेही स्वतःला बदलले. नव्या आतड्याचे टोक काही काळ पोटावर उघडे ठेवून दुर्बिणीने वारंवार ऊतीचा तुकडा तपासण्याची रीत रूढ झाली. २००० मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने या उपचारास मान्यता दिली.

समारोप :
कॅरेल ते कील हा शहाऐंशी वर्षांचा प्रवास असे दर्शवितो की, शस्त्रक्रियेची प्रगती केवळ शल्यविशारदाच्या हातावर अवलंबून नसते. औषधशास्त्र, पोषणशास्त्र व प्रतिकारशास्त्र यांनी वाट मोकळी केल्यावरच ते कौशल्य फलद्रूप झाले. प्रतिकारशक्ती किती दडपावी हा त्या मुलीच्या मृत्यूने उभा केलेला प्रश्न आजही प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत नव्याने सोडवावा लागतो.