बॉम्बे हाय : 4 वाजून 5 मिनिटं

26 जुलै 2005, दुपारी 2. उरले 26 तास.
मुंबईत सांताक्रूझवर आभाळ फाटलं. संध्याकाळपर्यंत लोकल जागच्या जागी थांबल्या, मिठी नदी कुर्ल्यात घराघरांत शिरली, विमानतळ बंद पडला. किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, भर समुद्रात, बॉम्बे हाय तेलक्षेत्राच्या 'बीएचएन' (बॉम्बे हाय नॉर्थ) संकुलात मात्र पाळी नेहमीसारखी चालू होती. कागदोपत्री नाव मुंबई हाय झालं होतं, पण तिथे काम करणाऱ्यांच्या तोंडी बॉम्बे हायच राहिलं. चार प्लॅटफॉर्म एकमेकांना पुलांनी जोडलेले. एक विहिरींचा, एक राहण्याचा, दोन तेल-वायूवर प्रक्रिया करणारे, त्यांतला एक म्हणजे खुद्द बीएचएन. पाऊस असो वा वादळ, तेल वर येतच राहतं.

27 जुलै, सकाळी 8.30. उरले साडेसात तास.
सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांच्या पावसाची नोंद झाली : 944 मिलिमीटर. हा आकडा आज शाळकरी मुलांनाही पाठ आहे. त्याच दिवशी पुढे जे घडलं, त्याचा आकडा मुंबईत किती जणांना आठवतो, हे मला खरंच विचारावंसं वाटतं.

दुपार. उरले काही तास.
'समुद्र सुरक्षा' हे ओएनजीसीचं बहुउद्देशीय जहाज बीएचएनच्या आसपास काम करत होतं. त्याच्या भटारखान्यात आचाऱ्याच्या दोन बोटांची टोकं कापली गेली. पाण्यात काम करणाऱ्यांना अशा जखमेची धास्ती नीट कळते. बोट वाचवायचं तर वेळ थोडाच असतो. एरवी जुहूहून हेलिकॉप्टर आलं असतं. त्या दिवशी हवामानामुळे किनाऱ्यावरची हेलिकॉप्टर जमिनीवरच अडकून होती. म्हणून ठरलं की जखमीला क्रेनच्या टोपलीतून प्लॅटफॉर्मवर चढवायचं आणि तिथल्या डॉक्टरकडे न्यायचं.

या निर्णयात मला निष्काळजीपणा दिसत नाही. सहकाऱ्याची बोटं वाचावीत, एवढीच त्यामागची तळमळ होती.

अडचण पुढे आली. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन चालू नव्हती. मग जहाज वाऱ्याच्या बाजूने जवळ आणायचं ठरलं, म्हणजे वारा आणि लाटा दोन्ही त्याला प्लॅटफॉर्मकडेच लोटणार. त्यात उजव्या बाजूच्या थ्रस्टरमध्ये, म्हणजे जहाज हवं तिकडे ढकलणाऱ्या पंख्यात, दोष होता. जहाज जागच्या जागी धरून ठेवणारी संगणकी यंत्रणा बाजूला ठेवून ते हातानेच सांभाळलं जात होतं, आणि तेही भर पावसाळ्याच्या उसळत्या समुद्रात.

इथे घड्याळ मागे न्यायला हवं. उरली 24 वर्षं.
कारण हा काटा 1981 पासूनच फिरत होता. त्या वर्षी बीएचएन उभा राहिला, तेव्हा समुद्रतळावरून वर येणारे नळ, म्हणजे रायझर, त्याच्या पोलादी सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाला बसवले गेले, जिथे बोटी लागतात त्याच बाजूला. त्यांतल्या काहींतून तेल वर येई, तर काहींतून दाबाखालचा वायू विहिरींकडे जाई. थकलेल्या विहिरीत असा वायू सोडला की तेल हलकं होऊन वर चढतं. लहान पुरवठा-बोटींच्या धक्क्यापासून बचावाची सोय होती. एवढं मोठं जहाज आदळलं तर काय, याचं उत्तर त्या नळांभोवती कुठेच नव्हतं. कप्तानाची चूक शोधणाऱ्यांनी आधी हा नकाशा पाहावा, असं माझं ठाम मत आहे.

दुपारी 4 च्या आसपास. उरली काही मिनिटं.
टोपली वर गेली. जखमी सुखरूप प्लॅटफॉर्मवर पोचला. मोहीम फत्ते झाली होती, आता जहाजाने फक्त दूर व्हायचं होतं.

4 वाजून 5 मिनिटं.
लाटेने जहाज उचललं आणि रायझरवर आदळलं. वायूचा नळ फुटला, वायू सुटला आणि पेटला. शेजारचे नळही आगीपासून झाकलेले नव्हते. तापून तेही एकामागून एक फुटत गेले. आणीबाणीत बंद होणाऱ्या झडपा होत्या, पण काही नळांची लांबी 12 किलोमीटरपर्यंत होती. झडप मिटली तरी नळात आधीच भरलेला वायू फुटक्या तोंडातून आगीला मिळतच राहिला.

त्या दिवशी प्लॅटफॉर्म, जहाज आणि शेजारची रिग मिळून 384 माणसं तिथे होती. आगीची झळ अशी की 8 लाइफबोटींपैकी फक्त 2 पाण्यात उतरल्या, 10 राफ्टपैकी 1. बाकीच्यांपुढे खवळलेला समुद्र होता. माणसांनी उड्या मारल्या.

संध्याकाळी 6. दोन तास उलटले.
बीएचएन उरला नव्हता. सात मजली पोलाद आगीत मऊ पडून समुद्रात कोसळलं होतं. नौदल, तटरक्षक दल आणि आसपासची जहाजं रात्रभर माणसं वेचत राहिली. 362 जण वाचले. 22 गेले, आणि त्यांतल्या कित्येकांचे देह घरी पोचलेच नाहीत.

'समुद्र सुरक्षा'वरची आग अजून धुमसत होती आणि जहाजाच्या पोटात सहा पाणबुडे अडकून होते. खोल पाण्यात काम करणारे हे पाणबुडे अनेक दिवस दाबाखालच्या बंद कोठीत राहतात. दाब हळूहळू, दिवसादिवसाने उतरवावा लागतो. दार उघडून पळालं तर रक्तातला वायूच जीव घेतो. बाहेर जहाज जळत असताना कोठीत थांबण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

टकरीनंतर 36 तास.
सहाही पाणबुडे जिवंत बाहेर काढले गेले. मुंबईत तोवर लोक चिखल उपसत होते, हरवलेल्यांना शोधत होते.

1 ऑगस्ट.
'समुद्र सुरक्षा' बुडालं.