पवनीचे भिक्खू आणि मोहाचं फूल

मार्च-एप्रिलमध्ये भंडारा जिल्ह्यातल्या जंगलाकाठच्या गावांचा दिवस उजाडायच्या आधीच सुरू होतो. मोहाची रसरशीत, पांढुरकी फुलं पहाटे झाडाखाली पडलेली असतात. बायका-पोरं ती टोपलीत वेचतात आणि अंगणात वाळवतात. वाळली की ती मनुकांसारखी दिसतात आणि मनुकांइतकीच गोडही लागतात.

साखर आणि पाणी एकत्र आलं की यीस्ट आपलं काम सुरू करतं. हे माणसाला फार पूर्वी कळलं. चीनमधल्या जिआहू इथे सुमारे 9000 वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळं आंबवल्याच्या खुणा सापडल्या. जॉर्जियात 8000 वर्षांपूर्वी द्राक्षाची वाइन होत होती. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यातल्या रांजणांवर वर्ष, मळा आणि वाइन करणाऱ्याचं नावही लिहिलेलं आहे. वाइनचा इतिहास सहसा असा सांगितला जातो आणि तिथून थेट नाशिकला पोचतो. वाटेत मोहाचं झाड लागतच नाही.

पण जुन्या ग्रंथांत ते ठळक दिसतं. चरकसंहितेत धान्य, फळं, मुळं, साल, फुलं अशा नऊ प्रकारच्या पदार्थांपासून होणारी 84 आसवं मोजली आहेत. फुलांच्या आसवांत कमळ आणि धायटीसोबत ‘मधूक’ आहे. मधूक म्हणजे आपला मोह.

दुसरी नोंद आणखी मजेशीर आहे. वैनगंगेकाठच्या पवनीत 1969-70च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. तिथे वावरणाऱ्या भिक्खूंना मद्य वर्ज्य होतंच. पण पाली विनयपिटकात याहून बारीक नियम आहे: भिक्खूने सगळ्या फुलांचा रस प्यायला चालेल, फक्त मोहफुलांचा नाही. नियम करणाऱ्यांना हे फूल किती लवकर आंबतं हे माहीत असणार, हा तर्क मोहाच्या गावातला कुणीही लावेल. म्हणजे मनाईनेच मोहाचा इतिहास जपून ठेवला.

राज्यकर्त्यांनाही यात रस होताच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारूचं खातं सांभाळणारा ‘सुराध्यक्ष’ आहे. विक्रीवर सरकारी नजर आहे, चोरट्या धंद्याला दंड आहे. तरी सण, मेळा, यात्रा असली की चार दिवस दारू करायची मोकळीक आहे. लोकांच्या जगण्यात तिला जागा आहे, हे त्या कडक माणसालाही मान्य होतं.

इंग्रजांच्या मध्य प्रांतात, म्हणजे तेव्हाच्या भंडाऱ्यातही, अबकारी हे महसुलाचं मोठं साधन झालं. ज्या गोंड घरांत जन्म, लग्न, मरण मोहाशिवाय पुरं होत नसे, तिथे परवान्याविना दारू गाळणं गुन्हा ठरलं.

एक फरक इथे सांगायला हवा. जुनं आसव नुसतं आंबवलेलं असे. आजची मोहाची दारू गाळलेली, बरीच जहाल असते. तिने मोडलेले संसार खरे आहेत. शेजारच्या गडचिरोलीत 1993पासून दारूबंदी आहे, आणि त्यामागे दारूने पोळलेल्या बायकांचा लढा आहे. तो बाजूला सारून मोहाचं गुणगान करता येणार नाही.

पण मग मोजमाप सारखं हवं. द्राक्ष आंबवलं की तो शेतीपूरक उद्योग होतो. 2001मध्ये राज्याने त्यासाठी खास धोरण आणलं. मोह आंबवला की ती हातभट्टी. 2021मध्ये मोहफुलं वेचण्या-साठवण्यावरचे निर्बंध राज्याने सैल केले, तोवर नुसतं फूल घरात ठेवणंही संशयाचं होतं. हेच फूल दुष्काळात भाकरीच्या जागी पोटात गेलंय, तरीही.

तुतनखामेनच्या रांजणावर वाइन करणाऱ्याचं नाव आहे. मोह करणाऱ्याचं नाव आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक पंचनाम्यात.