‘पिकलेला’ मोतीबिंदू : एका क्रियापदाचा इतिहास

नाशिक जिल्ह्यातील वणी या सप्तशृंगगडाच्या पायथ्याच्या बाजारगावी काय, किंवा महाराष्ट्रातील अन्य कोणत्याही गावी काय, वृद्धांच्या दृष्टीविषयी बोलणे निघाले की एक वाक्य हटकून कानी पडते : ‘मोतीबिंदू अजून पिकलेला नाही.’ फळास लावावयाचे क्रियापद येथे डोळ्यास लाविले आहे. हा केवळ लोकभाषेतील लाक्षणिक प्रयोग म्हणून सोडून देता येत नाही. या क्रियापदात शल्यकर्माची एक जुनी अट साठून राहिली आहे, आणि तीच अट आज रुग्णाच्या हिताच्या आड येते.

अट पुरातन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावरील शलाकाकर्म वर्णिले आहे, तर वाग्भटाने वेधास योग्य अशा लिंगनाशाला ‘सुजात’ हे विशेषण योजिले आहे. या कर्मात डोळ्याच्या पांढऱ्या भागातून शलाका आत घालून गढूळ झालेले भिंग दृष्टीच्या वाटेतून बाजूस सारीत. जखम लहान असे. डोळ्याच्या दर्शनी भागाचे पारदर्शक आवरण, म्हणजे स्वच्छमंडल, अस्पर्शित राही. तरीही रुग्णाने उताणे निजावे, शिंक, खोकला व थुंकणे टाळावे, असे सुश्रुताने बजाविले आहे. भिंग मात्र डोळ्यातच राही. त्यामुळे दाह होऊन वा डोळ्यातील दाब वाढून लाभलेली दृष्टी पुन्हा जाण्याचे भय असे.

इ. स. १७४७ मध्ये फ्रेंच शल्यविशारद जाक दाव्हिएल याने स्वच्छमंडलाच्या कडेस छेद घेऊन भिंग बाहेर काढिले. येथून जुन्या अटीस नवे कारण मिळाले. कोवळ्या मोतीबिंदूचा मऊ अंश आत चिकटून राही व दाह उत्पन्न करी. पक्व झालेला सुखाने निघे. नेत्रविद्येच्या या संक्रमणकाळाशी मराठी राजसत्तेचाही संबंध आला. तंजावरचे सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८–१८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत.

परंतु जखम आता स्वच्छमंडलास होऊ लागली, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणूनच तो पारदर्शक, आणि म्हणूनच तो सावकाश भरून येतो. बाहेरील थर काही दिवसांत सांधतो, मधल्यास महिने लागतात. अगदी आतल्या थरातील पेशी मानवात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून रिकामी जागा झाकतात. त्या फार घटल्या तर पडद्यात पाणी साचून दृष्टी धुरकट होते. मोठ्या छेदाने पडद्याची वक्रता बदलून रेषा विकृत दिसतात; या दोषास अबिंदुकता म्हणतात. वक्रता स्थिरावेपर्यंत, साधारण दीड महिना, चष्म्याचा अंक निश्चित करता येत नसे. शिवाय भिंगाच्या अभावी लागणाऱ्या जाड चष्म्यातून वस्तू सुमारे पावपट मोठ्या दिसत व पायरी चुकत असे.

१९४९ मध्ये हॅरोल्ड रिडले यांनी लंडन येथे डोळ्यातच कृत्रिम भिंग बसविले. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी श्राव्यातीत ध्वनीने भिंग फोडून शोषून घेण्याची रीत सिद्ध केली. या रीतीच्या आजच्या रूपात छेद सुमारे तीन मिलिमीटरांचा वा त्याहूनही लहान असतो; बहुधा टाका लागत नाही व दृष्टी लवकर स्थिरावते.

येथे जुन्या अटीचा अर्थ उलटतो. भिंग जितके कठीण, तितकी ध्वनिशक्ती अधिक, आणि तितकीच आतल्या थरातील, पुन्हा न उपजणाऱ्या, पेशींची हानी अधिक. अतिपक्व मोतीबिंदू तर स्वतःच दाह व दाबवृद्धी घडवून आणू शकतो. ज्या वाट पाहण्याने पूर्वी डोळा वाचे, तिनेच आज स्वच्छमंडलाचे भरून येणे दुर्घट होते.

तात्पर्य, क्रिया पालटली तरी क्रियापद टिकले. गावोगावच्या नेत्रतपासणीत ‘पिकला की या’ याऐवजी ‘रोजच्या कामात अडखळू लागले की या’ असे सांगणे हा शब्दांचा काथ्याकूट नव्हे. त्यावर कित्येकांची दृष्टी अवलंबून आहे.